माळ्यावर झोपणाऱ्याचा वाटा

मी, मंजुळा धोंडू वैती, राहणार मनोरी कोळीवाडा, तालुका बोरिवली, बृहन्मुंबई, धंदा पूर्वी मासळीविक्री आणि सध्या नातवाला टोमणे मारणे, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून लिहून घेत आहे. माझं वय मला ठाऊक नाही. वकीलबाईंनी अठ्ठ्याहत्तर घातलं आहे, ते चालेल. माझी बुद्धी शाबूत आहे, आज ताडी घेतलेली नाही, आणि मला कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असं माणूस या कोळीवाड्यात नाही. का नाही, ते पुढे येईलच.

मला अक्षर येत नाही. बोरिवलीच्या वकीलबाई मृणालिनी करंदीकर मार्व्याहून तरीत बसून खाडी ओलांडून आल्या आहेत आणि माझ्या ओटीवर बसून हे लिहीत आहेत. माझी बोली त्यांनी धुऊन-पुसून कागदाजोगी केली आहे. पण अट अशी की मी जे सांगेन ते सगळं उतरवायचं, कायद्यात बसो न बसो. सगळं मिळून दोनदा त्यांनी पेन खाली ठेवलं. दोनदा मी उचलून हातात दिलं.

१. माझी मिळकत म्हणजे खाडीकडे तोंड असलेलं हे कौलारू घर. पुढे ओटी, मागे चूल, वर माळा, अंगणात बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी. ही सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. माझा मुलगा चंदू याला "आमच्या बापाचं घर" म्हणायची सवय आहे. त्याच्या बापाला समुद्राने नेलं, त्यानंतर तीन वर्षांनी मी ही जागा घेतली, मालाडच्या बाजारात पाटी लावून. या घराच्या बांधणीत बापाचा एक खिळा आहे. जुन्या झोपडीतून उपटून मी तो इथे ठोकला, कारण शेवटच्या दिवशी तो टोपी त्याच्यावरच विसरून गेला होता. खिळा चंदूला द्यावा. टोपी देऊ नये, ती माझ्याबरोबर यायची आहे.

२. चंदूचा मुलगा अनंता, वय तीस, याला मी वाढवलं. चंदूला भांडुपच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तो आणि सूनबाई प्रेमा तिकडे गेले, आणि सहा वर्षांचा अनंता एका सुट्टीपुरता माझ्याकडे राहिला. ती सुट्टी अजून चालू आहे. तो आमच्या होडीवर जातो, जाळं विणतो, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून गप्प बसतो. घरातला बोंबील मात्र चोरून खातो. मला दिसतं.

३. आता शिवदास. इथे वकीलबाईंनी विचारलं, हे गृहस्थ आपले कोण? तर ऐका.

आठ वर्षांमागे आश्विनात, दिवेलागणीला, होडी ओहोटीला आली आणि गाळात रुतली. होडी चालवणारा बाळा तांडेल ओरडत होता, ओढायला माणसं कमी. तेवढ्यात किनाऱ्यावरून एक पोरगा पुढे झाला, अंगात जुन्या पद्धतीचा बंद गळ्याचा सदरा, आणि त्याने दोराला हात लावला. होडी लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. अनंता कंदील घेऊन उभा होता. होडी वर आली तरी कंदील त्या पोराच्या तोंडावरून हलेना. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आमच्यात रीत अशी की मासळीचे वाटे होडीवरच्या बाईने घालायचे. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, आणि दोराला हात लावील त्या प्रत्येकाचा एक. ओळखीचा असो नसो. तो नाकारता येत नाही. नाकारला तर पुढची फेरी रिकामी येते. मी पाच बोंबील आणि एक पापलेट त्याच्यापुढे ठेवलं.

तो म्हणाला, "माका मासो नको, आजये."

"नको म्हणायची सोय नाही. दोराला हात लावलास."

"घेतलंय तर काय होतला?"

"होडीचा माणूस होशील. होडीचा माणूस आमच्या घरात विचारून येत नाही."

त्याने माझ्याकडे नाही, कंदिलाकडे पाहिलं. मग वाकून वाटा उचलला.

ही माझी चूक. आयुष्यभर मी कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा घेतला नाही. त्या संध्याकाळी वाटा देताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली, बर्फातल्या सुरमईसारखी गार, आणि मला वाटलं, पोरगा भिजलाय.

तिसऱ्या दिवशी कळलं. तो दिवसभर माळ्यावर झोपे, सूर्य बुडाला की शिडी उतरे, जेवायला बसे आणि ताट अनंताकडे सरकवी. आणि अनंताच्या बोटाला चिंधी बांधलेली. मी विचारलं, काय रे, सुई लागली? तो म्हणाला, हो. कानापर्यंत लाल झाला. वकीलबाई याला रक्तपिशाच्च असा शब्द लिहा म्हणतात. लिहा. मी त्याला नुसतं "तसला" म्हणते. तो वेंगुर्ल्याकडचा, गिरणीत कामाला आला होता. प्लेगच्या साली चाळीतून मेला म्हणून बाहेर काढलेल्यांत तोही होता. गाडीवरून कोणीतरी त्याला उचलून नेलं आणि मानेला तोंड लावलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. अजून सव्वीसच आहे. म्हणजे माझ्याहून चांगला पस्तीस-चाळीस वर्षांनी मोठा, आणि मला आजये म्हणतो. निर्लज्ज.

मी त्याला हाकलला का नाही, असं विचारणाऱ्याने आधी माझ्याबद्दल काय बोललं जातं ते ऐकावं. मी चेटकीण आहे. माझी सासू होती, तिची सासू होती. सुती दोऱ्याला गाठ मारायची, गाठीत फुंकर घालायची, की वारा थांबतो, ताप उतरतो, हरवलेली होडी किनाऱ्याची वाट धरते. मग मी कोणत्या तोंडाने त्याला नावं ठेवणार होते?

४. हे कलम कायद्याला लागत नाही, पण लिहायचं.

एका श्रावणात, समुद्र बंद असताना, खाडीचं पाणी पेटलं होतं. कधीकधी पेटतं, हात घातला की निळा उजेड होतो. मी अंगणात पाय मोकळे करत होते. ती दोघं पाण्यात उतरली होती. अनंता हलला की त्याच्याभोवती उजेड हले. शिवदासभोवती आधी काहीच नव्हतं, जणू पाण्याला तो दिसत नव्हता. मग अनंताने त्याचा हात धरला, आणि तो उजेड अनंताच्या मनगटावरून त्याच्या बोटांत गेला, कोपरात गेला, गळ्यापर्यंत चढला. तो स्वतःकडे बघत राहिला, नव्वद वर्षांनी आरसा मिळाल्यासारखा.

अनंता म्हणाला, "मी म्हातारा झालो की काय करशील?"

"तुजी काठी धरीन. आनी लोक म्हणतीत, नातू बरो गावलो."

दोघं हसली. पाणी हसल्यासारखं हललं. मी खोकले नाही, हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं पुण्य समजावं. धोंडूबरोबर माझा संसार अकरा वर्षांचा. मी त्याला असं कधी बघितलं नाही, आणि त्याने मला बघितलं असेल तर तो बोलला नाही.

५. गेल्या माघात मी मेले. थोडाच वेळ.

दुपारची वेळ होती. मी चुलीपाशी बसून सुकट निवडत होते. अनंता ओटीवर जाळं शिवत होता. शिवदास माळ्यावर झोपलेला. माझ्या छातीत कोणीतरी दोर ओढला आणि मी आडवी झाले. श्वास थांबला.

मग मी होडीत होते. ऊन नव्हतं, सावलीही नव्हती, समुद्र दुधासारखा. धोंडू वल्हं मारत होता, बोडक्या डोक्याने. मला म्हणाला, टोपी आणलीस का? मी म्हटलं, खिळ्यावर आहे. त्याने वल्हं थांबवलं.

इकडे घरात काय झालं ते मला नंतर सांगितलं गेलं. तसल्यांना मालकाच्या परवानगीवाचून छपराखाली राहता येत नाही. परवानगी माझी होती, वाट्याबरोबर दिलेली. माझा श्वास थांबला तशी ती संपली. शिवदास झोपेतच माळ्यावरून घसरला, पाय धरून कोणी ओढावं तसा शिडीवरून खाली आला, ओटीवरून गेला, उंबऱ्यावरून गेला, आणि भर दुपारी अंगणात, बोंबलांच्या वलांडीखाली उन्हात जाऊन पडला. डावा हात उन्हात उघडा होता, तो जळायला लागला.

अनंता दोघांच्या मधे उभा होता. एकीकडे मी, एकीकडे तो. तो अंगणात धावला. शिवदासच्या अंगावर पालथा पडला, वलांडीवरचं ओलं जाळं ओढून दोघांवर घेतलं, आणि तिथून ओरडला, "आजी, श्वास घे!"

होडीत मला ते ऐकू आलं. धोंडू म्हणाला, "जा. तुझे वाटे घालायचे राहिलेत."

मी श्वास घेतला. माझा पहिला शब्द शिवी होता, ती वकीलबाईंनी गाळली आहे. अनंताने त्याला जाळ्यासकट घरात ओढलं. आणि घराने येऊ दिलं.

६. म्हणून आम्हाला तिघांना कळलं की मी दिवसा मेले तर तो मरतो. आणि मरणाची वेळ ठरवता येईल अशी गाठ मला माझ्या सासूने शिकवलेली नाही.

गेल्या भाऊबीजेला चंदू आला. वेसाव्याच्या एका मुलीचं स्थळ घेऊन आला होता. अनंता नाही म्हणाला. का, असं विचारलं, तेव्हा खोटं बोलता येत नसल्यामुळे त्याने खरं सांगितलं. तसल्याचं नाही, ते चंदूला ठाऊक नाही आणि सांगायचंही नाही. फक्त शिवदासचं. सूनबाईने पदर डोळ्याला लावला. चंदू मात्र रडला नाही, ओरडलाही नाही. तेवढ्यात सूर्य बुडाला आणि शिवदास शिडी उतरून आला. चंदू त्याला म्हणाला, माझ्या घरातून चालता हो. शिवदास उंबऱ्यात उभा राहिला. घराने त्याला ढकललं नाही, कारण घर चंदूचं नव्हतं.

मग चंदू माझ्याकडे वळला. "आई, तू आहेस तोवर ठीक. तू गेलीस की घर माझं. मग बघू हा कुठल्या दारातून आत येतो."

त्याला वाटलं, तो बापासारखं बोलला. आपण काय बोललो हे त्याला ठाऊक नव्हतं. अनंताच्या हातातला पेला खाली पडला. दुसऱ्याच दिवशी मी वकीलबाईंना निरोप पाठवला.

चंदू वाईट नाही. भांडुपच्या खोलीच्या वेळी मी त्याला माझा गोफ दिला होता, तोच त्याचा वाटा, आता वर खिळा. बापाचं होकायंत्रही त्याने न्यावं. त्याची काच फुटली आहे, पण उत्तर दाखवतं. शिवाय माझ्या चितेला अग्नी त्यानेच द्यावा. मुलगा आहे तो. फक्त सूर्य बुडाल्यावर द्यावा, म्हणजे सगळ्यांना येता येईल.

७. तर माझ्या मृत्यूच्या क्षणापासून माझं घर, माळा, अंगण आणि वलांडी अनंता चंदू वैती आणि शिवदास या दोघांच्या सामायिक मालकीची होतील, सारखे वाटे, न मोडता. मालकाला स्वतःच्या घरात राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, आजी, मृत्युपत्र मृत्यूच्याच क्षणी लागू होतं, वेगळं लिहायला नको. मी म्हटलं, लिहा. माझा श्वास सुटायचा आणि कागदाने धरायचं, मधे बोटभर फट नको.

त्या म्हणाल्या, मग आताच बक्षीसपत्र का करत नाही? म्हटलं, त्याला नोंदणीला कचेरीत न्यावं लागेल आणि कचेरी दिवसा उघडते. शिवाय मला मालकीण म्हणून मरायचं आहे.

त्या म्हणाल्या, मयत इसमाला मिळकत देता येत नाही. पहिल्यांदा पेन खाली ठेवलं ते इथे. मी विचारलं, तो मयत असल्याचा दाखला कोणाकडे आहे? त्यांनी विचार केला. प्लेगच्या गाडीवर टाकलेल्या गिरणीवाल्याची नोंद कोण करतो? दाखला नाही. म्हणजे कायद्याने जिवंत. पेन पुन्हा चाललं.

मग त्या म्हणाल्या, इसम कोण हे पटलं पाहिजे. त्यांचं रेशनकार्ड? म्हटलं, जो जेवत नाही त्याला रेशन कशाला. जन्माचा दाखला? शाळा सोडल्याचा? इथे पेन दुसऱ्यांदा खाली गेलं. म्हणाल्या, आजी, उद्या चंदूने कोर्टात विचारलं की हा कोण शिवदास, तर कागद उघडा पडेल. शिवदास नावाचे शंभर असतील.

तोवर सूर्य बुडाला होता. शिवदास शिडी उतरून आला. वकीलबाईंनी आधी त्याचे पाय पाहिले. सरळ आहेत, उलटे नाहीत, म्हणून थोडा श्वास टाकला. त्याने त्यांना नमस्कार केला आणि डाव्या हाताची बाही खाली ओढली. ती तो माघापासून ओढूनच असतो. मी म्हटलं, वर कर. तो करेना. अनंताने केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग, आणि त्या डागावर ओल्या जाळ्याचे चौकोन उमटलेले, एकेक गाठ मोजता येईल असे. अनंताने विणलेलं जाळं ते. तशी गाठ मनोरीत दुसरा कोणी मारत नाही, कारण ती मी शिकवलेली आहे.

वकीलबाईंनी वाकून त्या गाठी मोजल्या. मग काही न विचारता लिहिलं, तेच इथे वाचावं:

"सदर शिवदास रघुनाथ, मूळ राहणार वेंगुर्ले, हल्ली राहणार वरील घराचा माळा, व्यवसाय रात्रपाळीचा खलाशी, दिसण्यात वय सव्वीस. ओळखीची खूण: डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग, त्यात जाळ्याची नक्षी. सदर इसम मृत्युपत्र करणारी जिचे वाटे घालते त्या होडीचा सन १९७९ पासून रीतसर वाटेकरी आहे."

मी ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. मला ही अक्षरं गाठींसारखीच दिसतात. ज्याला मारता येतात त्याच्या हातात धरतात. वकीलबाई, तुमच्या हातात धरतील असं वाटतं.

८. माझी विद्या. ती या घरात सासूकडून सुनेला जाते. सूनबाई प्रेमाला मी पहिली गाठ शिकवायला बसले, त्याच आठवड्यात तिला भांडुपची हवा मानवेल असं वाटू लागलं. तिच्यावर राग नाही. मग रीतीप्रमाणे पुढचा मान नातसुनेचा. म्हणजे शिवदासचा. पण गाठीत फुंकर घालायला श्वास लागतो, आणि तो त्याच्याकडे नाही. म्हणून विद्या अनंताला दिली आहे, सुती दोऱ्याच्या रिळासह. नायलॉनवर प्रयोग करू नये. नायलॉनची गाठ दिसते घट्ट आणि सुटते ऐन वेळी.

मान मात्र मान. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या नातसुनेच्या, त्या शिवदासला द्याव्यात. तो घालणार नाही हे मला कळतं. माळ्यावर ठेवाव्यात. हे वाचून दाखवलं तेव्हा अनंता उठून अंगणात गेला. शिवदास बसून राहिला आणि म्हणाला, "आजये, माका कोणी कधी काय दिलां नाय." मी म्हटलं, पाच बोंबील आणि एक पापलेट दिलं होतं, विसरलास?

९. अनंताला ॲल्युमिनियमची झाकणाची किटली, जिच्यात मालाडच्या खाटकाकडून शेळीचं रक्त येतं. देवनारच्या कत्तलखान्यातला माल आला की तो माझ्यासाठी बाजूला काढतो. त्याला वाटतं, ते माझ्या गुडघ्यांच्या लेपासाठी आहे, आणि गुडघे कसे आहेत असं दर आठवड्याला विचारतो. मी गेल्यावर अनंताने दुसऱ्या कोणाचे तरी गुडघे शोधावेत. किटलीत चुकूनही दूध ठेवू नये. एकदा ठेवलं होतं. पाहुण्यांना चहा आवडला, पण मला झोप लागली नाही.

१०. अनंता शिवदाससारखा व्हायचा हट्ट धरतो, आणि शिवदास नाही म्हणतो. तुमचं भांडण मी माळ्याखालून आठ वर्षं ऐकते आहे. माझं म्हणणं असं. चाळिशीपर्यंत थांबावं. तोवर ऊन खाऊन घ्यावं, दोघांच्या वाटणीचं. तरीही मन तेच म्हणत असेल, तर अंगणात बसून उन्हात वाळलेला बोंबील भाजून पोटभर खावा, आणि मग काय ते ठरवावं. बोंबील खाऊन माणसाचं मत बदलताना मी पाहिलं आहे.

११. माझी धाकटी जाऊ रत्नप्रभा हिने चाळीस वर्षं गावभर सांगितलं की मंजुळा चेटकीण आहे. दर अमावास्येला माझ्या उंबऱ्यावर मीठ-मोहऱ्या टाकल्या. मीठ मी बोंबलाला वापरलं. तिच्या दम्याला मात्र दर थंडीत माझ्या दारातूनच दोरा जातो. ती घेते आणि "डॉक्टरचा गुण आला" म्हणते. तिला माझी लोखंडी कोयती आणि बसायचा पाट द्यावा, आणि सांगावं, रत्ना, तुझंच खरं होतं. एवढं ऐकलं की त्या जोरावर ती माझ्यामागे दोन वर्षं तरी जगेल. दम्याचे दोरे अनंताने चालू ठेवावेत.

१२. शेवटचं कलम फक्त अनंतासाठी. बाकीच्यांनी कान बंद करावेत.

अनंता, माघातल्या त्या दुपारपासून तू माझ्या नजरेला नजर देत नाहीस. मला चहा देताना कपाकडे बघतोस. मला कळतं का ते. मी चुलीपाशी पडले होते आणि तू अंगणात धावलास. सहा वर्षांचा असल्यापासून ज्या मांडीवर झोपलास, ती सोडून तू त्याच्याकडे गेलास, ते तुला खातंय. मी मुद्दाम इतके दिवस काही बोलले नाही, कारण तोंडी माफ केलं तर तू ऐकून घेशील आणि रात्री पुन्हा आठवत बसशील. म्हणून हे कागदावर, अंगठा लावून. आणि ही माफी नाही, हुकूम आहे.

मी रात्री गेले तर प्रश्नच नाही, दोघंही माझ्यापाशी या. पण दिवसा गेले, तर माझ्याजवळ येऊ नकोस. माझं नाव घेऊन ओरडू नकोस, या वेळी मी परत येणार नाही, मला टोपी पोचवायची आहे. सरळ शिडी चढ. आधी माळ्यावर बघ. तो जागच्या जागी झोपलेला असला तर कागदाने धरलं असं समज. त्याचं पांघरूण नीट कर. त्याला उठवू नकोस, झोपू दे, आपल्या घरात झोपलाय. मग सावकाश खाली ये, आणि तेव्हा माझ्याकडे बघ. मला घाई नसेल.

वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो माझ्या तोंडचाच आहे, शिव्या वजा. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, तशी वेळच आली नव्हती. याच्या खाली माझा डावा अंगठा आहे. तो मासळीच्या काट्यांनी इतका घासला आहे की ठसा नीट उठणार नाही. जेवढा उठेल तेवढी मी.

निशाणी डावा अंगठा
मंजुळा धोंडू वैती

आमच्या समक्ष अंगठा केला, आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १. बाळा गोविंद तांडेल, मनोरी कोळीवाडा. दोर ओढण्याच्या दिवशी हजर होतो. वाटा माझ्यासमोर दिला.

साक्षीदार २. रत्नप्रभा शिवराम वैती, मनोरी कोळीवाडा.
(लेखनिकाची नोंद: मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून साक्षीदार क्र. २ यांना मजकूर वाचू दिला नाही. त्यांनी माळ्याच्या शिडीकडे एकदा पाहिलं, आठ वर्षांपासून ठाऊक आहे असं म्हणाल्या, आणि सही केली.)

लेखनिक: मृणालिनी करंदीकर, वकील, बोरिवली.

ठिकाण: मनोरी, घराची ओटी.
मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १९०९, शनिवार, दिनांक ५ डिसेंबर १९८७, सूर्यास्तानंतर.